दोरीचं तिकडचं टोक

प्रिय उंच्या,

पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ कर. दोन वर्षं आणि वर चार महिने झाले. एवढ्यात माणूस दहा पत्रं लिहितो. मी लिहिलीच नाहीत असं नाही, तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. एकदा तर पाकीट चिकटवून पेटीपर्यंत गेलो होतो. पेटीच्या तोंडात हात घातला आणि वाटलं, पत्ता चुकला असेल तर? भलत्याच कुणी वाचलं तर? तसाच परत आलो. माझा स्वभाव तुला माहीत आहे. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलो की परत येऊन कुलूप ओढून बघणारा माणूस मी. तू शिडी खांद्यावर घेऊन रस्त्यात उभा राहायचास आणि ओरडायचास, बुटक्या, कुलूप काय पाय फुटून पळणार आहे का! आज मात्र पत्र पेटीत जाणार, कारण ही माझ्याबरोबर येणार आहे. मी हात मागे घेतला तर ती पेटीत मलाच कोंबेल, असं तिनं सांगितलंय.

अक्षर लावून वाच. चौथीनंतर मी पेन फक्त सह्या करायला धरला. आपल्या खोलीच्या दारावर ‘रंगकाम’ लिहायचं होतं तेव्हा पहिला ‘रं’ मी काढला आणि पुढचं तू, आणि लोक विचारायचे, दोन माणसांनी लिहिलंय का हे? ती पाटी अजून आहे. अर्धी काळी पडली आहे, पण ‘काम’ नीट वाचता येतं.

वहिनी कशा आहेत? त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं ते कायमचं बरं झालं ना? पथ्य पाळतात का? तू पाळू देतोस का? तुझ्या लेकीच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहता असं कळलं. जिना चढताना त्यांना मध्ये बसायला देत जा. इथे माझे गुडघे गेले. दाबाची गोळी सकाळी घेतली की नाही ते दुपारी आठवत नाही, म्हणून हिनं गोळ्यांच्या पाकिटावर वार लिहून दिलेत. आता वार कुठला तेच आठवत नाही. शिडीवर चढणं बंद. लोकांच्या घरातल्या खालच्या फळ्या, दारांचे पाय, असलं काम करतो. वरचं करायला कुणी नाही. तू गेल्यापासून ज्या घरात मी रंग दिला तिथे भिंत साडेपाच फुटांपर्यंत नवी आणि वर जुनी. खोटं वाटेल, पण एका बाईंनी तेच आवडलं म्हणून तसंच ठेवलंय.

आता मूळ गोष्टीवर येतो, नाहीतर चौथं पत्रही फाडायची वेळ येईल.

गेल्या आठवड्यात टेकडीवरच्या त्या भांडणाच्या जागेची मोजणी झाली. सरकारकडून मोजणीच्या बाई आल्या, तिशीच्या असतील, पायात जाड बूट, बरोबर तिवईवरचं यंत्र आणि एक डबा. दोन वर्षं जागा बंदच होती, दाराला सरकारी कुलूप. मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंची दहा दहा माणसं आत सोडली. आमच्यातून शिंपी होता आणि मीही होतो. तुमच्यातून मास्तर होते. ते फार थकले आहेत, काठी आली. अंगणात गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. मधली शिळा तेवढी होती तशीच, जिला आम्ही आमची म्हणतो आणि तुम्ही तुमची.

बाईंनी मला बोलावून विचारलं, रेषा मारण्याची पद्धत काय होती ते पहिल्यापासून सांगा. इतकी वर्षं कुणी हे मला विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. म्हटलं, बाई, आमच्या आजोबांच्या वेळी इथे मोठी मारामारी झाली, तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की दारापासून मागच्या भिंतीपर्यंत अंगणातून एक पांढरी रेषा मारायची. शिळेच्या बरोबर मधून. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. पाऊस आणि पाय यांनी रेषा पुसते, म्हणून दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी सूर्य उगवताना ती नव्यानं मारायची. मारणारे दोन, प्रत्येक बाजूचा एक. निळीत भिजवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना धरायची, ताणायची, टिचकी मारायची की जमिनीवर निळी खूण उठते. मग आपापल्या बाजूला राहून, खुणेपासून आपल्याकडे दोन दोन बोटं चुना द्यायचा. कुणी पलीकडे पाऊल टाकायचं नाही. बघायला कुणी येत नाही, कारण दोघं एकमेकांना बघत असतात.

बाई म्हणाल्या, छान आहे. मी म्हटलं, तीस वर्षं आम्हीच दोघं मारायचो. त्या म्हणाल्या, दुसरे कुठे आहेत? तेव्हा तुमच्या बाजूची सगळी माणसं खाली बघायला लागली.

उंच्या, मग त्या बाईंनी डब्यातून एक पातळ पत्री काढली, आपण पुट्टी खरवडायला घेतो तसलीच, आणि दारापाशी बसून रेषा खरवडायला लागल्या. मी म्हटलं, अहो हलक्या हातानं, उखडून येईल. त्यांनी भिंगातून बघितलं आणि थर मोजले. तीसच्या वर. पांढरा, मग मळलेला, मग पांढरा, मग मळलेला, झाडाच्या खोडात वलयं असतात तसे. दरवर्षीचा चुना बरोबर मागच्या चुन्यावर. एक सूतही इकडेतिकडे नाही. बाई उठून म्हणाल्या, यंत्रानंसुद्धा एवढं सरळ येत नाही. मला एवढा आनंद झाला, तू असतास तर तुझ्या कमरेवर थाप मारली असती, खांद्यापर्यंत हात पोचत नाही म्हणून.

मग त्या मागच्या भिंतीपाशी गेल्या.

तिथे काय आहे ते तुला सांगायला नको. जुनी रेषा तिथे अजून होती, थरावर थर चढलेली, भिंतीच्या पायथ्याला तुझी छिन्नीची खूण आहे बरोबर तिथे. आणि तिच्यापासून चार बोटं तुमच्या बाजूला दुसरी रेषा. भिंतीलगतच्या पायरीचा कोपरा ओलांडून गेलेली. तिला बाईंनी पत्री लावली तर एकच थर. एका हाताचा चुना. त्यांनी वर बघून विचारलं, शेवटच्या वर्षी दोरीचं हे टोक कुणी धरलं होतं?

त्या चार बोटांवरून तीन दिवस गावात काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. आठ दिवसांनी तुमच्यातल्या कुणा तरुणाच्या लक्षात आलं की पायरीचा कोपरा आमच्याकडे गेलाय. दुपारपर्यंत दगड सुरू झाले. सायकलवाल्याची टपरी जळली, शाळेच्या काचा गेल्या, बाजारातली एक ओळच्या ओळ काळी झाली. शिंप्याच्या उजव्या हाताची दोन बोटं दगडाखाली चेचली. आता तो कापतो आणि त्याची बायको शिवते. आपली खोली कुणी फोडली ते कळलं नाही, तुमचे की आमचे. डबे उपडे झाले आणि सगळे रंग गटारातून एकत्र वाहत कोपऱ्यापर्यंत गेले. ते बघून मला आधी काय आठवावं, तर तो फिक्कट निळा डबा आपण उघडलासुद्धा नव्हता. माणूस कुठल्या वेळी काय विचार करेल त्याचा नेम नाही. जीव कुणाचा गेला नाही, एवढंच म्हणायचं. आमचे म्हणत होते, रेषा त्यांच्याच माणसाच्या हातानं मारली, मग बोंब कसली? आणि तुमचे तुला म्हणत होते, तू विकला गेलास, चार बोटं जमीन देऊन आलास. ज्यानं त्यांची बाजू राखायची तोच फितूर झाला, असं तुझ्या दारावर कोळशानं लिहिलं होतं. मी ते पुसायला फडकं घेऊन निघालो होतो. अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. कुलूप बघायला नव्हे, भीतीनं.

आदल्या दिवशी तू माझ्याकडे आला होतास. म्हणालास, हिचं ऑपरेशन नेमकं उद्या आलंय, पहिल्या गाडीनं निघावं लागणार, रेषा दोन दिवस पुढे ढकलू या, मी मास्तरांना सांगतो, तू तुमच्या लोकांना सांग. आणि मी घाबरट, मी म्हणालो, छे छे, तारीख हलवली की शंभर प्रश्न निघतील, हे म्हणतील ते टाळतायत, ते म्हणतील हे टाळतायत. तू जा वहिनींना घेऊन. मी एकटा मारतो, तीस वर्षं झाली, डोळे मिटून मारीन. कुणाला कळणार नाही, तू संध्याकाळी परत येशीलच. तू दोनदा म्हणालास, जमेल का रे? मी तुझ्यावरच चिडलो.

सकाळी दोरीचं दाराकडचं टोक खिळ्याला बांधलं आणि दुसरं घेऊन भिंतीपाशी गेलो. तुझी खूण तुला सापडायची, कारण तू पलीकडून यायचास. आमच्या बाजूला नेमका खांब येतो. खाली वाकून खूण बघायची तर तुमच्या बाजूला एक पाऊल टाकावं लागतं. अंगणात चिटपाखरू नव्हतं. एक पाऊल टाकलं असतं तर कुणाला दिसलं असतं? पण माझ्यानं टाकवेना. तुझ्या डब्यातलं पाणी मी तीस वर्षं प्यायलो, आपण एका ताटलीत जेवलो, आणि ते एक पाऊल माझ्यानं पडेना. मी खांबाला मिठी मारून पलीकडे नुसता हात घातला आणि बोटांनी चाचपलं. एक खाच लागली. म्हटलं, हीच खूण. ती तुझी खूण नव्हती रे. कुणीतरी कधीतरी तिथे विळा नाहीतर सुरी घासली असेल, त्याची खाच होती. तिथे खिळा ठोकला, टिचकी मारली आणि दोन्हीकडची चारही बोटं अलीकडे उभं राहून, ओणवं होऊन चुना देत गेलो. माझी नजर तुला ठाऊकच आहे. जुन्या रेषेवर मातीच माती होती, नवी शेजारून चाललीय हे मला भिंतीपाशी पोचेपर्यंत उमगलं नाही, आणि पोचल्यावरही वाटलं, आपल्याच डोळ्यांचा दोष असेल.

आणि आता ते, जे तीन पत्रांत लिहायला जमलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात चौकशी झाली. तू बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसला होतास, मला आधी आत बोलावलं. लहान मुलांच्या बाकांवर मोठे मोठे लोक बसलेले, गुडघे हनुवटीला लागलेले. मास्तर होते, आमचे चौघे होते, एक साहेब होते. त्यांनी विचारलं, रेषा मारताना दोघं हजर होता का? मला आमचं घर दिसलं. पेटलेलं दिसलं. सून बाळंतपणाला आलेली, नात पाळण्यात. मी म्हटलं, हो, दोघं होतो. त्यावर साहेब म्हणाले, भिंतीकडचं टोक कुणी धरलं होतं? गप्प बसता आलं असतं मला. आठवत नाही म्हणता आलं असतं. पण मी म्हटलं, त्यानं. दोरीचं तिकडचं टोक त्याच्या हातात होतं.

बाहेर आलो तर तू बाकावरून सरकून मला जागा दिलीस आणि पाण्याचा डबा पुढे केलास. मी प्यायलो. त्या आठवड्यात तुम्ही दोघं ट्रकमध्ये बसून गेलात, आणि मी खिडकीचा पडदा सरकवून बघत होतो, पुरुषासारखा पुरुष.

तर मोजणीच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी उभा राहिलो. म्हणजे उभाच होतो, पण पुढे झालो. सगळं सांगितलं. ऑपरेशन, तारीख, खांब, खाच, शाळेतला वर्ग. हा दगड आत्ता डोक्यात बसणार, मग बसणार, असं वाटत होतं, म्हणून डोकं खाली घालूनच बोललो. तुमच्यातला एक तरुण ओरडत उठला. मास्तरांनी काठी आडवी धरली आणि म्हणाले, खाली बस, तू रांगत होतास तेव्हापासून ही दोघं रेषा मारतायत. मग आमचा शिंपी बोलला. आपल्या हाताकडे बघत म्हणाला, म्हणजे तुझी चार बोटं आणि माझी दोन. मेल्या, एक पाऊल टाकलं असतंस तर मी आज शिवत असतो. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, शर्ट शिवायला माझ्याकडे येऊ नकोस, मुद्दाम एक बाही आखूड करीन. आणि त्याच्या शेजारी उभा असलेला तुमच्यातला सायकलवाला, ज्याची टपरी जळली, तो आधी हसला. हसला म्हणजे त्याच्याकडून निघूनच गेलं हसू. मग शिंपी हसला. मला रडायला आलं, पण तेही हसण्यात खपून गेलं.

दगड पडला नाही. घरी येताना कुणी वाट अडवली नाही. दोन दिवस दारामागे खुर्ची लावून बसलो, कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सायकलवाला आला, तर त्याला दाराला रंग हवा होता, खालून साडेपाच फूट. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाली, दोन वर्षांनी काल घोरलात. तेव्हा कळलं की हिला पहिल्यापासून माहीत होतं. त्या पहाटे मी दोन कुंचले घेऊन एकटाच गेलो होतो, हे तिनं बघितलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, सांगायचं तुमचं होतं.

पण उंच्या, मला खरं बसलं ते दुसरंच. माझं सगळं सांगून झाल्यावर मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, अहो, त्या दिवशी तुम्ही बाहेर गेल्यावर त्याला आत बोलावलं, तुम्ही काय सांगितलंत ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे, टोक माझ्याच हातात होतं. आम्ही सगळ्यांनी त्याला फितूर ठरवलं ते त्याच्याच शब्दावर.

म्हणजे तुला माहीत होतं. पाण्याचा डबा दिलास तेव्हा नसेल, पण ट्रकमध्ये बसताना माहीत होतं. तुझ्या खिशात दवाखान्याचा कागद असणार, तारीख आणि वेळ घातलेला. तो नुसता बाकावर ठेवला असतास तर तुझं घर राहिलं असतं आणि माझं गेलं असतं. मी खोटं बोललो ते माझं घर वाचवायला आणि तू खोटं बोललास तेही माझं घर वाचवायला. मी दोन वर्षं घाबरत होतो की तुला कळलं तर काय होईल.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. मोजणीच्या बाईंनी लिहून दिलंय, जुनी रेषा खरी. दोन्ही बाजूंनी सह्या केल्या, मीही केली, वाकडीतिकडी. सरकारी कुलूप काढायला तयार आहेत, पण आधी रेषा नव्यानं मारायची. आमच्याकडून मला सांगितलंय. तुमच्याकडून कोण, असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, आमचा माणूस एकच, तो येईपर्यंत दार उघडायचं नाही. आणि तुमच्या सगळ्यांनी, त्या ओरडणाऱ्या तरुणानंसुद्धा, मान हलवली. तुझ्या दारावरचा कोळसा त्यांनीच धुतला, मी रंगाचे दोन हात दिले, आणि वरचा भाग शिडीवर चढून त्या तरुणानं दिला. काम भिकार केलंय, तू येऊन शिव्या घालच. तर अख्खं गाव थांबलंय आणि टेकडी बंद आहे. चुना मी कालच भिजत घातला, डिंक घालून, आणि डिंक घातलेला चुना किती दिवस टिकतो ते तुला मी सांगायला नको. तुला यायचं नसेल तर तसं लिही, मला त्याचं काही वाटणार नाही. वाटेल, पण लिही. येणार असलास तर गाडी कुठली ते लिही, मी स्टँडवर येईन, दोन तास आधी येऊन बसेन. या वेळी आधी मी पलीकडे येणार, वाकून तुझी खूण माझ्या डोळ्यांनी बघणार आणि मग माझ्या टोकाला जाणार. मास्तर हो म्हणालेत. वहिनींना नमस्कार सांग. दोन ओळी टाक, एक टाकलीस तरी चालेल, पण लवकर टाक, मी रोज दुपारी दारात उभा असतो.

तुझाच,
बुटक्या